क्लिप चांगलीच आहे, पण आधी बॅग बघा

बॅगेच्या पट्ट्यावर कॅमेरा अडकवायची ती क्लिप घेऊ का, असं आमच्या रविवारच्या पक्षी बघणाऱ्या मंडळीतल्या जवळजवळ सगळ्यांनी मला विचारून झालंय. दर वेळी चालता चालता अर्धवट उत्तर दिलं जातं, तेवढ्यात समोर काहीतरी फडफडतं आणि विषय तिथेच राहतो. म्हणून एकदाचं बसून लिहिते. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, फोटो काढणं हा माझा धंदा नाही आणि ही वस्तू मला कोणी फुकट पाठवलेली नाही. नागपूरचे तिन्ही ऋतू तिने माझ्या खांद्यावर काढलेत, तेवढ्या अनुभवावर बोलते.

ज्यांनी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या असतात. एक बॅगेच्या खांद्याच्या पट्ट्यामागे, एक पुढे. मधे पट्टा ठेवून दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळायचे. पुढच्या पट्टीत वरून उघडी अशी खाच असते. कॅमेऱ्याच्या बुडाला, जिथे ट्रायपॉडचा स्क्रू बसतो तिथे, एक छोटी चौकोनी प्लेट लावायची. ती प्लेट खाचेत वरून सरकवली की टक् आवाज होतो आणि कॅमेरा अडकतो. काढताना डाव्या अंगठ्याने बटण दाबायचं, उजव्या हाताने ग्रिप धरून कॅमेरा वर ओढायचा. बस्स, यंत्र म्हणून एवढंच.

ही कल्पना गाजवली ती पीक डिझाइन या सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपनीने. पीटर डेरिंग या इंजिनीअरने २०११ साली किकस्टार्टरवर लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून पहिली क्लिप काढली आणि त्यावर पुढे अख्खी कंपनी उभी राहिली. आता त्याच धाटणीच्या क्लिपा डझनावारी कंपन्या बनवतात. माझी त्यातलीच एक, दोन हजारांच्या आतली. नाव सांगत नाही, कारण पुढे तिच्या तक्रारी आहेत आणि त्या एकट्या तिच्याच नसाव्यात.

माझा कॅमेरा निकॉनचा डी ७२००, बॅटरी आणि कार्डासकट ७६५ ग्रॅम. त्यावर बहुतेक वेळा १८-१४०ची लेन्स असते, ४९० ग्रॅम. म्हणजे सव्वा किलो. सव्वा किलो ऐकायला काहीच नाही, कॉटन मार्केटातून येताना आपण त्याच्या चौपट भाजी उचलतो. पण ती हातात उचलतो, गळ्यात टांगत नाही. गळ्यातला पट्टा सगळा भार मानेच्या मागे दोन बोटं रुंदीच्या जागेवर टाकतो, आणि जरा वाकलं की कॅमेरा बैलाच्या गळ्यातल्या घंटेसारखा झुलतो. माझं सर्व्हायकलचं दुखणं जुनं आहे. फिजिओथेरपीच्या ताईंनी बजावलं होतं, गळ्यात मंगळसूत्र सोडून काही अडकवायचं नाही.

क्लिपने वजन कमी होत नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण जाहिरातीतली हसरी मंडळी बघून तसं वाटतं खरं. सव्वा किलो ते सव्वा किलोच. उलट क्लिप आणि प्लेट मिळून थोडं वाढतंच. फरक दोनच पडतात. भार मानेवरून खांद्यावर येतो, आणि झुलणं थांबतं. दुसऱ्या फरकाची मजा काय असते ते पावसाच्या तोंडावर नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या जंगलात नवरंगाच्या मागे गेल्याशिवाय कळायचं नाही. नवरंग दिसतो कमी, ऐकू जास्त येतो. त्याच्या शिट्टीच्या रोखाने दबकत, फांद्या बाजूला सारत, कधी गुडघ्यांवर बसत जावं लागतं. पूर्वी या सगळ्यात माझा एक हात कायम कॅमेरा छातीशी धरण्यात गुंतलेला असायचा. आता दोन्ही हात मोकळे. पक्षी दिसला की बटण, ग्रिप, डोळा. कॅमेरा काढताना आवाज जवळजवळ होत नाही. परत बसवताना टक् होतो, तोवर बहुतेक वेळा नवरंगही गेलेला असतो आणि आपली घाईही.

बसवल्यावर कॅमेरा नेमका कसा राहतो हे जाहिरातीच्या फोटोत नीट कळत नाही, म्हणून जरा तपशिलात सांगते. कॅमेऱ्याचं बूड तुमच्या छातीकडे, डोकं बाहेर, लेन्स थेट जमिनीकडे आणि मागची स्क्रीन आकाशाकडे. लेन्स खाली असल्याने तिच्यावर धूळ आणि ऊन पडत नाही, हे उत्तम. पण स्क्रीन बरोब्बर तुमच्या हनुवटीखाली येते. मे महिन्यात घाम टपकतो तो तिथेच. आणि फेरी संपल्यावर आम्ही तर्री पोहे खायला थांबतो, तेव्हा उभ्याने, वाकून, प्लेट हनुवटीखाली धरून खायचे असतात. तर्रीचा पहिला थेंब कुठे पडतो ते सांगायला नको. लाल तेल स्क्रीनच्या काठात शिरलं की नखाने निघत नाही, मऊ कापड आणि बराच धीर लागतो. तेव्हापासून पोहे येण्याआधी कॅमेरा बॅगेत. मंडळी हसतात, हसू देत.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. क्लिपची परीक्षणं बघितली तर सगळी पुरुषांची, आणि सगळे सांगतात, छातीच्या मधोमध लावा. आमच्याकडे छातीच्या मधोमध लावली तर लेन्स बाहेर तिरकी उभी राहते आणि प्रत्येक पावलाला डुलते. मी ती डाव्या पट्ट्यावर गळपट्टीच्या हाडाच्या जरा खाली लावते, जिथे पट्टा अजून सपाट असतो. तिथे कॅमेरा चिकटून बसतो. थोडी जरी खाली सरकली तर बसताना लेन्सचं तोंड मांडीवर टेकतं, चढावर गुडघा लागतो. आणि ओढणी घेत असाल तर तिचा पदर उजव्या बाजूला खोचा. सुती कापडाचा एखादा काठ खाचेत आला तर प्लेट वरवर बसते, टक् होतही नाही आणि झाल्यासारखं वाटतं. म्हणून मला सवय लागली आहे, बसवला की कॅमेरा एकदा वर ओढून बघायचा. ओढल्यावर निघाला नाही तरच हात सोडायचा. ही सवय ओढणी न घेणाऱ्यांनीही लावून घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. दुकानात, जाहिरातीत, सगळीकडे चर्चा क्लिपचीच. किती मजबूत, किती ग्रॅम, कुठला धातू. पीक डिझाइनवाले तर ९० किलोच्या वर भार पेलते असं सांगतात. असेलही, धातूची शंका मला नाहीच. पण ती क्लिप ज्याला धरून आहे तो पट्टा किती पेलतो? आपल्याकडे बहुतेकांकडे कॉलेजची सॅक असते किंवा लॅपटॉपची, कुठल्यातरी ट्रेनिंगमध्ये मिळालेली. तिचे पट्टे पुस्तकांचं वजन मागे ओढलं जाईल अशा हिशोबाने शिवलेले असतात. पुढून सव्वा किलो खाली ओढेल, पावलापावलाला झटके देईल, याचा विचार शिवणाऱ्याने केलेला नसतो, आणि त्याने तो का करावा?

माझी सॅक तशीच. वरून धडधाकट. क्लिप लावून फिरायला लागल्यावर लक्षात आलं की डावा पट्टा जिथे बॅगेला जोडलेला आहे तिथे धागे पांढरे दिसायला लागलेत. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, बॅगा आणि चेन दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे नेली. त्यांनी आधी बॅग नाही, मलाच विचारलं,

"काय लटकवता मॅडम याच्यावर?"

"कॅमेरा."

"किती किलोचा?"

"सव्वा."

त्यांनी पट्टा चिमटीत धरला, दाबला, सोडला. दबलेली जागा वर आलीच नाही. "हा फोम नाही न, नुसता स्पंज आहे. दबून गेला पाहा. अन् हा टाका पाहा, एकेरी आहे. कंपनीवाले एकेरीच मारते. तुम्ही पुढून लटकवून राहिले, हा तर दिवाळीपर्यंत हातात येते."

"मग क्लिप काढून टाकू?"

"काऊन? क्लिप ठेवा न. मी क्रॉस मारून देतो. खाली नाही, वरती. सारा झटका वरतीच बसते."

मग त्यांनी वरच्या जोडावर नायलॉनच्या पट्टीचा तुकडा आतून लावला, चौकोन शिवला आणि चौकोनाच्या आत फुलीचा टाका मारला. दोरा जाड, मेणाचा. मशीनची सुई तिथे जाईना, म्हणून शेवटचे टाके आरीने हातानेच. काम चालू असताना त्यांनी आणखी एक विचारलं, जे मला कुठल्याच परीक्षणात वाचायला मिळालं नव्हतं: "समोरचं बकल काऊन नाही याले?"

खरंच नव्हतं. छातीवर दोन्ही पट्टे जोडणारा आडवा पट्टा आपल्या साध्या सॅकना नसतो, ट्रेकिंगच्या बॅगांना असतो. त्यांनी डब्यातून एका जुन्या सॅकचं बकल शोधलं आणि दोन्ही पट्ट्यांवर फासे शिवून दिले, वर-खाली सरकतील असे. सगळ्याचे दीडशे रुपये. घासाघीस करायची माझी हिंमत झाली नाही.

त्या आडव्या पट्ट्याने जो फरक पडला तो क्लिपने स्वतः पाडला होता त्याहून मोठा होता. तो नसताना डावा पट्टा वजनाने हळूहळू खांद्यावरून बाहेर घसरतो, मग आपण नकळत खांदा उचलून धरतो आणि घरी आल्यावर मानेचं तेच जुनं दुखणं. आडवा पट्टा लावला की दोन्ही खांदे एकमेकांना धरून राहतात, कॅमेरा जागचा हलत नाही, भराभर उतरतानाही नाही. रामटेकच्या पायऱ्या मी कॅमेरा छातीवर ठेवून उतरले आहे, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने आईचा हात धरून. तिथली माकडं माणसाच्या हातातल्या पिशवीवर नजर ठेवून असतात. हातात काहीच नाही म्हटल्यावर आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पण कमरेचा पट्टा नसेल तर एक गोष्ट राहतेच, डावा खांदा जड. त्यावर माझा उपाय साधा: एक लिटरची पाण्याची बाटली उजव्या बाजूच्या खिशात. एक लिटर म्हणजे एक किलो, जवळजवळ फिटंफाट. सकाळी सहाला गोरेवाड्यात शिरताना मी अगदी समतोल असते. मग ऊन चढतं, बाटली रिकामी होत जाते आणि नऊच्या सुमारास डावा खांदा आपोआप खाली येऊ लागतो. हिवाळ्यात हा प्रश्न येत नाही, पाणी कमी लागतं. उन्हाळ्यात मी आता दोन बाटल्या घेते आणि आधी मधल्या कप्प्यातली संपवते.

उन्हाळ्यावरून आठवलं. धातू काळा आणि ऊन नागपूरचं. २०२४च्या मे अखेरीस रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले होते आणि हवामान खात्याला सेन्सर बिघडल्याचं सांगावं लागलं होतं. पण सेन्सर नीट असतानाही नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, ४५ अंश इथे कोणाला नवीन नाही. दहाच्या पुढे उन्हात उभं राहिलं तर क्लिपच्या कडा बोटाला चटका देतात. अंगाला नाही लागत, मधे पट्टा असतो. पण बटण दाबताना जाणवतं, म्हणून सावलीत उभं राहून काढते किंवा रुमालाने दाबते.

आता तक्रारी, माझ्या क्लिपच्या. पहिली: बटण फिरवून कुलूप लावायची सोय आहे, म्हणजे चुकून दाबलं गेलं तरी कॅमेरा सुटू नये. कल्पना छान, पण हे कुलूप इतकं ढिलं आहे की दुसऱ्या पट्ट्याला किंवा बाहीला घासून आपोआप उघडतं. त्याच्यावर मी भरवसा ठेवत नाही. कॅमेऱ्याचा मूळ गळ्यातला पट्टा काढून टाकायच्या ऐवजी त्याची एक छोटी दोरी करून ती आडव्या पट्ट्याच्या फाशात अडकवते. क्लिप सुटलीच तर कॅमेरा वीतभर खाली येऊन लटकेल, जमिनीवर जाणार नाही. दुसरी: आवळायच्या दोन स्क्रूंपैकी एकाचे आटे लवकरच झिजले. तो बोटाने पूर्ण आवळलाच जात नाही, पाना लागतो. तिसरी गोष्ट धुळीची, ती क्लिपची चूक नाही म्हणा. गोरेवाड्याच्या वाटांवर मुरूम आहे, त्याची बारीक लाल धूळ खाचेत बसते आणि प्लेट अडखळत सरकते. जुन्या टूथब्रशने कोरडंच घासायचं. तेल अजिबात घालू नका, तेलावर धूळ आणखी चिकटते.

पट्टा फार जाड असेल तर स्क्रू पोचतच नाहीत, आणि फार पातळ असेल तर क्लिप हळूहळू खाली घसरते. पातळ पट्ट्यावर उपाय सोपा आहे. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मागा, तो पट्ट्याभोवती गुंडाळा आणि त्यावर क्लिप आवळा. जागचं हलायचं नाव घेत नाही. आमच्या पंक्चरवाल्या दादांनी पैसेही घेतले नाहीत, वर विचारलं, "इतका महागाचा कॅमेरा ट्यूबवर ठेवता काय?"

गाडीवर मात्र नाही. इथे सगळं आयुष्य ॲक्टिवावर, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. वळताना हँडल जवळ येतं आणि लेन्स मधे सापडते. शिवाय आपल्या सिमेंट रोडच्या प्रत्येक सांध्यावर बसणारा धक्का सरळ प्लेटच्या स्क्रूला जातो, आणि सैल व्हायला त्याला तेवढंच निमित्त पुरतं. सेमिनरी हिल्सपर्यंतच जायचं असलं तरी कॅमेरा सॅकमध्ये, टॉवेलात गुंडाळून. मागे बसलेल्यांनाही तेच. समोरच्याने ब्रेक मारला की लेन्स त्याच्या पाठीत.

गर्दीचंही माझं मत ठरलेलं आहे, आणि ते मारबतीने ठरवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून निघणारी ही मिरवणूक पाहिलेली नसेल तर नागपूर पाहिलंच नाही असं मी म्हणते. मारबत म्हणजे मिरवणुकीतला मोठा पुतळा; काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. सोबत त्या त्या वर्षी लोकांच्या डोक्यात जाणाऱ्या माणसांचे आणि गोष्टींचे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, आणि "घेऊन जा गे मारबत" चा गजर. तिथे कॅमेरा छातीवर म्हणजे समोरच्याच्या कोपराच्या उंचीवर. ढकलाढकलीत कोणाचं तरी कोपर बटणावर, कोणाचा तरी खांदा मोडच्या डायलवर. कॅमेरा पडला नाही, पण काढून बघते तर सेटिंग भलतीच. चोरीची भीती नाही वाटली, इतक्या गच्च गर्दीत कोणाला वर ओढायलाही जागा नसते. पण जी जागा चोराला नव्हती ती मलाही नव्हती. अशा ठिकाणी हाताच्या पंजाला बांधायचा पट्टा बरा. कॅमेरा कायम हातात, वर उचलून काढायचा.

आमच्या मंडळीतल्या एका काकांकडे १५०-६००ची लेन्स आहे. त्यांना ताईंनी, म्हणजे मी, सरळ नाही म्हणून सांगितलं. ती लेन्स एकटीच दोन किलोच्या आसपास. कॅमेऱ्याच्या बुडाला प्लेट लावून ती लटकवली तर सगळा ताण कॅमेरा आणि लेन्सच्या जोडावर येतो, तिथलं धातूचं कडं वाकण्याची भीती. लेन्सच्या स्वतःच्या पायाला प्लेट लावली तर ताण जातो, पण एवढा लांब दांडा छातीवर मावत नाही, चालताना मांडीवर आपटतो. अशांनी मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, खांद्यावर टाकून चालावं, जसे ते चालतात. ताडोबा-पेंचच्या जिप्सीत क्लिपचा तसाही उपयोग शून्य. बसून असता, कॅमेरा मांडीवर किंवा बीनबॅगवर. तिथे पाठीवर बॅग घेऊन कोण बसतं?

काकांनी मग क्लिप घेतली ती दुसऱ्या, छोट्या कॅमेऱ्यासाठी, आणि त्यांना एक वेगळीच अडचण आली. छोट्या मिररलेस कॅमेऱ्यांत ट्रायपॉडचं भोक बॅटरीच्या झाकणाला खेटून असतं. प्लेट लावली की झाकण उघडत नाही, बॅटरी बदलायची तर पाना घेऊन प्लेट काढा. माझ्या डी ७२००ला हा त्रास नाही. घेण्याआधी आपल्या कॅमेऱ्याचं बूड उलटं करून बघावं. प्लेट साधारण ३८ मिलिमीटर चौरस असते, पट्टीने मोजलं तरी कळतं.

प्लेटचा एक फायदा आहे जो मी गृहीत धरला नव्हता. तिच्या कडा आर्का-स्विस पद्धतीच्या उताराच्या असतात, त्यामुळे त्याच पद्धतीचं हेड असलेल्या ट्रायपॉडवर ती थेट बसते, वेगळी प्लेट लावत बसावं लागत नाही. स्वस्त ट्रायपॉडची स्वतःची वेगळी प्लेट असते, त्यावर नाही चालत. आणि प्लेटचा तो पाव इंचाचा स्क्रू दर फेरीआधी एकदा पान्याने तपासायचाच. बोटांनी आवळून भागत नाही. सोबत येणारा छोटा षटकोनी पाना मी घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला आहे, म्हणजे विसरत नाही.

तिरका, अंगावरून आडवा जाणारा स्लिंग पट्टा यापेक्षा बरा की नाही, असंही विचारतात. पाठीवर बॅग नसेल तर तोच बरा. बॅग असेल तर दोन पट्टे एकमेकांत गुंततात आणि वाकलं की कॅमेरा कमरेवरून पुढे येतोच. क्लिपचं सुख फक्त बॅग घेऊन पायी फिरणाऱ्याला. अंबाझरीच्या बांधावर फेरी मारणाऱ्याला, गोरेवाड्यात तीन-चार तास घालवणाऱ्याला, किल्ल्या-डोंगरांवर जाणाऱ्याला. लग्नात फोटो काढणाऱ्याला नाही, मुलाच्या स्नेहसंमेलनात तर मुळीच नाही.

किंमतीचं म्हणाल तर मूळ कंपनीची घ्या की माझ्यासारखी स्वस्तातली, हा प्रत्येकाच्या खिशाचा प्रश्न. मी पुन्हा घेतली तर जरा वरची घेईन, निव्वळ त्या कुलुपासाठी आणि स्क्रूच्या आट्यांसाठी. पण एवढे पैसे क्लिपवर घालायचे ठरवलंच असेल तर आधी ते दीडशे रुपये बॅगेवर घाला. ऑनलाइन मागवण्याआधी बर्डीवर फोटोच्या दुकानात जा, जाताना तुमची नेहमीची बॅग सामानासकट पाठीवर घ्या आणि त्यांना क्लिप तिच्यावर लावून दाखवायला सांगा. दोन्ही स्क्रू शेवटपर्यंत बसले, कॅमेरा लावून दुकानातल्या दुकानात चार पावलं चालल्यावर पट्टा बाहेर घसरला नाही, तर घ्या. घसरला तर बिल करायच्या आधी बॅगवाल्या काकांकडे जाऊन या, रविवार सोडून कधीही असतात.